फोटोतला रंग, पार्सलमधला रंग

अगं, तुझ्या दुकानाच्या पेजवरचे सगळे फोटो काल निवांत बघितले. तुझ्या खणाच्या बटव्याची शिवण किती सरळ आहे, अस्तर किती नीट बसवलंय, हे मला माहीत आहे, कारण तो बटवा मी हातात घेतलाय. पण नाशकात किंवा न्यू जर्सीत बसून फोटो बघणाऱ्या बाईला ते कसं कळावं? तिला दिसतोय ट्यूबलाइटखाली हिरवट पडलेला एक बटवा, मागे सोफ्याचं फुलाफुलांचं कव्हर, आणि वरून तुझ्याच हाताची सावली. इतकं जीव लावून केलेलं काम असं मार खाताना बघवत नाही गं. म्हणून आज जरा सविस्तर बोलते. चहा घे आणि बस.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. दुकानात आलेली बाई खण हातात घेते, दाराशी उजेडात नेते, चुरगाळून बघते, उलटा करून मागची बाजू तपासते आणि मग भाव विचारते. ऑनलाइन गिऱ्हाइकाला यातलं काहीच करता येत नाही. ते सगळं फोटोनं करून दाखवायचं असतं. म्हणून फोटो देखणा व्हायच्या आधी खरा व्हायला हवा. फोटोत वांगी रंग आणि पार्सल उघडल्यावर राणी रंग निघाला, तर ती बाई पुन्हा येत नाही, आणि तिच्या भिशीतल्या बाकीच्याही येत नाहीत.

त्यात तू निवडलंयस खणासारखं कापड. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या मागांवर विणला जाणारा हा खण आपल्या चोळ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण फोटोला तो फार अवघड. बहुतेक खणांत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे. म्हणूनच तो धूपछाव दिसतो. समोरून हिरवा, जरा तिरका केला की जांभळा. आपले डोळे मान हलवत दोन्ही रंग टिपतात आणि मन त्याचा एक रंग ठरवतं. कॅमेरा एकाच जागी थांबतो, त्याला एकच बाजू दिसते. तू वरून सरळ फोटो काढतेस, त्यामुळे तुझ्या प्रत्येक हिरव्या बटव्यातला जांभळा हरवलाय.

यावर उपाय सोपा आहे. बटवा खिडकीशी ठेव, आणि मोबाइल उचलण्याआधी बटवा हातानं हळूहळू फिरव. एका कोनात तुला दोन्ही रंग एकदम दिसतील, उंच भागावर एक आणि घडीच्या पोटात दुसरा. तिथे थांब. तोच तुझा पहिला फोटो. दुसरा फोटो कापड थोडं दुमडून घे, म्हणजे रंग बदलताना दिसतो. आणि वर्णनात दोन्ही रंगांची नावं लिही, ‘हिरवा-जांभळा धूपछाव’ असं. नुसतं ‘हिरवा’ लिहिलंस की पुढचा वाद तूच ओढवून घेतलास.

उजेड एका बाजूनं, जरा खालच्या कोनातून आला की खणावरच्या बारीक बुट्ट्या उठून दिसतात, विणीचा खडबडीतपणा कळतो. समोरून फ्लॅश मारलास की सगळं सपाट. फ्लॅश तर कायमचा बंदच करून टाक.

खिडकी कुठली, ते सांगते. घरात उत्तरेची खिडकी असेल तर तू भाग्यवान, कारण वर्षातला बहुतेक काळ तिथून थेट ऊन येत नाही, नुसता स्वच्छ मऊ उजेड येतो. पूर्वेची असेल तर सकाळचं कोवळं ऊन सरू दे, मग बस. पश्चिमेची असेल तर सकाळचीच वेळ धर. थेट ऊन येतच असेल तर काचेवर बटर पेपर चिकटव किंवा पातळ पांढरं मलमल लाव. जुना धुवट पंचाही चालतो, फक्त तो खरंच पांढरा हवा, पिवळा पडलेला नको. कडक उन्हात जरीचे ठिपके पांढरेफट्ट होतात आणि घड्यांच्या सावल्या काळ्याकुट्ट. मधे पडदा आला की दोन्ही शांत होतात.

टेबल खिडकीपासून दोनेक फुटांवर ठेव, खिडकी तुझ्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असं. समोरच्या बाजूला, जिथे सावली पडते तिथे, थर्माकोलचा तुकडा उभा कर. उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावली उघडते. थर्माकोल जवळ सरकवलास की सावली फिकी, लांब नेलास की गडद. हे आधी मोबाइल न घेता नुसतं करून बघ. थर्माकोल पुढे-मागे करताना बटव्याचा चेहरा कसा बदलतो ते एकदा डोळ्यांना कळलं की निम्मी फोटोग्राफी आली.

आणि खोलीतले सगळे दिवे बंद. सगळे म्हणजे सगळे, देवघरातलासुद्धा. दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा, घरातला पिवळा बल्ब २७०० ते ३००० चा. दोन्ही एकदम पडले की बटव्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते, आणि मग जगातलं कुठलंही अ‍ॅप दोन्ही बाजू एकदम दुरुस्त करू शकत नाही. पिवळी बाजू सुधारायला गेलीस की निळी आणखी निळी होते. मी कुठलाही फोटो सुधारायला घेतला की आधी हेच तपासते.

भिंतीचा रंगही बघ. पोपटी भिंतीशी पांढरं कापड ठेवलंस तर कापडावर पोपटी झाक येणारच. तू लाल कुर्ता घालून वाकलीस तर बटव्याच्या ऑक्सिडाइज्ड घुंगरांत लाल ठिपका दिसतो. फोटो काढायच्या दिवशी पांढरा किंवा राखाडी कुर्ता घाल. ऐकायला विचित्र वाटेल, पण घुंगरू, आरसे, चमकदार मणी या सगळ्यांत आजूबाजूची खोली उतरते, आणि त्या खोलीत तू असतेस.

रात्रीच वेळ मिळतो, मुलं झोपल्यावर, हे तू म्हणणारच. मग दोन एलईडी दिवे घे, पण दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे. खोक्यावर ‘सीआरआय’ म्हणून आकडा लिहिलेला असतो, तो ९० किंवा त्याच्या वरचा बघ. तो कमी असला की लाल आणि मरून हमखास मेलेले दिसतात, आणि आपल्या खणात लाल-मरून किती असतो ते तुला सांगायला नको. रिंग लाइट मात्र घाईनं घेऊ नकोस. चेहऱ्यासाठी तो बरा, पण प्रत्येक मण्यात त्याचं गोल कडं उमटतं.

आता मोबाइल. भिंग आधी पूस, मऊ सुती कापडानं. पर्समधून काढलेल्या मोबाइलच्या भिंगावर बोटांचं तेल असतं, आणि ज्याला तू ‘कॅमेरा खराब झालाय’ म्हणतेस तो धूसरपणा बहुतेक वेळा तेवढाच असतो. ग्रिडच्या रेघा चालू कर, म्हणजे बटवा वाकडा येत नाही. अगदी जवळ जाऊन काढू नकोस, जवळून काढलं की पुढची कड फुगते आणि मागची आक्रसते. दोन पावलं मागे सर आणि मोबाइलमध्ये दुपटीची लेन्स असेल तर ती वापर. पोर्ट्रेट मोड तर अजिबात नको. तो मागचं पुसट करायच्या नादात गोंड्यांचे धागे आणि लटकनीची टोकं खातो.

बटव्यावर बोट दाबून धर, फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतो. मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त कर. या सरकवण्याला खूप महत्त्व आहे, आणि ते का, हे नीट समजून घे. कॅमेऱ्याला वस्तू काळी आहे की पांढरी हे कळत नाही. समोर जे असेल ते सरासरी मध्यम राखाडी दिसावं एवढंच तो बघतो. म्हणून पांढऱ्या कागदावर बटवा ठेवलास की कागद मळकट राखाडी येतो, आणि तुला वाटतं उजेड कमी पडला. तिथे उजेड थोडा वाढवायचा. काळ्या कापडावर वस्तू असेल तर बरोबर उलटं.

तुझ्या जाऊबाई संक्रांतीला हलव्याचे दागिने करतात ना, त्यांना हे आवर्जून सांग. काळ्या साडीवर पांढरा हलवा. कॅमेरा काळ्याला राखाडी करायला धावतो, सगळा फोटो उजळतो, आणि हलवा पांढरा गोळा होऊन बसतो. किती तास कढईशी बसून, पाक थेंब-थेंब घालत आणलेला तो काटा, ज्यासाठी गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतं, तोच दिसत नाही. बोट खाली सरकवायचं, साडी पार काळीभोर होईपर्यंत, आणि उजेड अगदी बाजूनं घ्यायचा. मग प्रत्येक दाण्यावरचा काटा वेगळा दिसतो, त्याची इवलीशी सावलीसुद्धा. असा एक फोटो असला की ‘हलवा हातचा आहे का मशिनचा’ असं कोणी विचारत नाही.

गडद राणी, लाल, जांभळा या रंगांतही हेच कर, उजेड थोडा कमीच ठेव. हे रंग कॅमेऱ्यात चटकन फुटतात. मग कापडाची वीण जाते आणि नुसता रंगाचा डाग उरतो. एडिटिंगमध्ये काळोखा फोटो उजळता येतो, पण फुटलेल्या रंगातली वीण परत आणता येत नाही. बारीक विणीवर कधी कधी लाटांसारख्या रेघा दिसतात, त्याही कापडात नसतात. वीण आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांवर आले की तसं होतं. मोबाइल थोडा पुढे किंवा मागे घेतलास की जातात.

फोटोआधी बटव्याला इस्त्री कर, सुटलेले धागे काप, आणि सेलोटेपचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून वरचा कचरा टिपून घे. आत जुनी ओढणी कोंब, म्हणजे बटवा पोट धरून उभा राहतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि नंतर अ‍ॅपमध्ये तेच एकेक करून पुसायला अर्धा तास जातो.

सजावटीबद्दल माझं मत जरा कडक आहे. समई, तांब्या, मोगरा, पैठणीचा पदर, सुपारी, हळदीकुंकवाचा करंडा, सगळं एकाच चौकटीत मांडू नकोस. बघणाऱ्याची नजर भिरभिरते, आणि मग ‘समई पण मिळणार का ताई?’ असे मेसेज येतात. एक वस्तू पुरे. बटव्यातून डोकावणारा नारळ किंवा वाणाचा खण, म्हणजे त्यात काय मावतं तेही कळलं.

आकार दाखवायलाच हवा. फोटोवरून आकाराचा अंदाज येतच नाही, आणि इंच-सेंटिमीटर लिहिलेलं फारसं कोणी वाचत नाही. बटवा हातात धरलेला एक फोटो, खांद्याला लावायची पिशवी असेल तर लावलेला एक. कानातलं असेल तर कानात. काही जणी शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवतात. ते २७ मिलिमीटरचं असतं, आपल्याकडे सगळ्यांना त्याचा अंदाज आहे, पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला नाही. तिच्यासाठी पट्टी ठेव. आणि आतल्या अस्तराचा, चेनचा, मागच्या बाजूचा फोटो चुकवू नकोस. शिवणाऱ्या बाईचं कसब मागच्या बाजूलाच कळतं, आणि तुझी मागची बाजू तर दाखवण्यासारखी आहे.

आता एडिटिंग. इथे हात फार आवर. सुरुवात करण्याआधी मोबाइलमधला रात्रीचा पिवळा मोड बंद कर, डिस्प्ले ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘नॅचरल’वर आण, ब्राइटनेस मध्यावर ठेव. पडदाच खोटा रंग दाखवत असेल तर तू डोळे मिटून मीठ घातल्यासारखं होईल. मग खरा बटवा हातात घेऊन त्याच खिडकीशी बस. आठवणीतून रंग कधी जुळवू नये.

स्नॅपसीड फुकट आहे आणि तुला पुरेसं आहे. आधी काप आणि सरळ कर. मग व्हाइट बॅलन्स. त्यातला ड्रॉपर मागच्या पांढऱ्या किंवा राखाडी कागदावर टेकव, रंगाची झाक बरीचशी तिथेच निघून जाते. म्हणूनच मी म्हणते, मागे साधा पांढरा कार्डशीट ठेव, तो नुसता सजावटीला नाही, तुझा साक्षीदार आहे. मग थोडा उजेड, थोड्या सावल्या उघडायच्या. बॅकग्राउंडवरचा ठिपका हीलिंगनं पुसायचा. झालं. सॅच्युरेशनला हात लावू नकोस, आणि ‘अँबियन्स’ नावाची पट्टी आहे तीही ओढू नकोस, ती गुपचूप रंग भडक करते. ‘स्ट्रक्चर’ वाढवलंस की मऊ कापड गोणपाटासारखं दिसायला लागतं.

हीलिंगनं कचरा पुसावा, वस्तूतला दोष पुसू नये. विणीत गाठ असेल, रंग एका कडेला फिका असेल, तर तो दाखव आणि लिही. हातमागाचं कापड आहे, समजून घेणारी गिऱ्हाइकं असतात. लपवलेलं मात्र कोणी समजून घेत नाही. आणि कायदाही तेच म्हणतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू जाहिरातीत दाखवल्यासारखी नसेल तर विकणाऱ्याला परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही.

हल्ली अ‍ॅपमध्ये एआय एका टिचकीत मागे वाडा, अंगण, झोपाळा घालून देतं. मला ते आवडत नाही, पण वापरायचंच असेल तर फोटो मोठा करून वस्तूच्या कडा तपास. ते कापडाला हात घालतं, बुट्टीचा आकार बदलतं, नसलेली जरी भरतं. एकेक धागा मोजून विणलेल्या नक्षीच्या जागी यंत्राची नक्षी गेली, तर त्या विणकराचा आणि तुझा, दोघांचाही अपमान आहे.

एडिट झालेला फोटो घरातल्या दुसऱ्या एखाद्या साध्या, स्वस्त मोबाइलवर नक्की बघ. तुझं बरंचसं गिऱ्हाईक तसल्याच पडद्यावर बघत असतं.

अ‍ॅमेझॉनवर जायचं म्हणतेस, तर तिथला पहिला फोटो शुद्ध पांढऱ्या बॅकग्राउंडवरच लागतो. वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा, आणि झूम व्हायला हवा असेल तर लांब बाजू किमान १००० पिक्सेल. त्या फोटोवर नाव, लोगो, वॉटरमार्क काही चालत नाही. इन्स्टाग्रामला उभा फोटो दे, १०८० बाय १३५०. त्यामुळे फोटो काढतानाच चारी बाजूंनी जागा सोड, नंतर दोन्हीकडे कापता येतो.

आणि दुसऱ्या कोणाचा फोटो उचलून ‘असं करून मिळेल’ लिहू नकोस, सगळ्या करत असल्या तरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा हक्क मुळात तो काढणाऱ्याचा, आणि तो त्याच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. तुझे फोटो कोणी उचलले तर हाच कायदा तुझ्याही बाजूनं आहे. म्हणून मूळ फाइल कधी खोडू नकोस. त्यात तारीख, वेळ, मोबाइलचं नाव सगळं नोंदलेलं असतं. एडिट नेहमी कॉपीवर.

दिवाळीचे खणाचे आकाशकंदील करणार आहेस ना? त्यांचे फोटो श्रावण-भाद्रपदातच काढून ठेव, दिवाळीच्या तोंडावर काढलेस तर ऑर्डर घ्यायला वेळ कुठे? पावसाळी ढगाळ उजेड मऊ असतो, दिवसाच्या फोटोंना उत्तम, फक्त कमी असतो, म्हणून मोबाइल स्टँडवर लाव आणि तीन सेकंदांचा टायमर ठेव. दिवा लावलेला फोटो मात्र तिन्हीसांजेला घे, सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी. तेव्हा आकाश अजून निळं असतं आणि आतला दिवा त्याच्या जोडीला येतो. पूर्ण अंधारात काढलास तर नुसता पिवळा गोळा दिसतो, खण दिसतच नाही.

एका दिवसात सगळं करायला जाऊ नकोस. उद्या सकाळी तो हिरवा-जांभळा बटवा घे, खोलीतले दिवे बंद कर, आणि त्याचे एवढेच फोटो काढ: तिरका, दुमडलेला, हातात धरलेला, आतला. मग मला पाठव. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून नको, तिथे तो दाबून लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे तू काढलास तसाच मला दिसेल.